कागद आधी, गाडी नंतर

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटण्यासाठी छत्रपती घराण्यातली मंडळी येतात ती मेबॅकमधून. राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन गाडी. चौकात ती वळली की गर्दीतले मोबाइल वर होतात, पोरांना खांद्यावर घेतलं जातं. तिची किंमत किती असेल, यावर कट्ट्यावर वाद घालायला हरकत नाही. पण जी वस्तू विकायचीच नाही तिला भाव कुठला?

जुन्या गाड्यांच्या दुनियेचं हे वरचं टोक. खालचं टोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सदाशिव पेठेतल्या वाड्याचा बोळ, सांगलीकडच्या बंगल्याची पडवी, दादरच्या सोसायटीतली मागची भिंत. तिथे ताडपत्रीखाली, चारही चाकांतली हवा गेलेली, एक फियाट उभी असते. घरच्यांना ती अडगळ वाटते आणि तरीही भंगारवाल्याला द्यायला हात धजत नाही. या खालच्या टोकाला खरेदी-विक्री चालते, रोज चालते. तिथल्या माणसांमागे फिरलं की पहिल्याच भेटीत एक वाक्य ऐकायला मिळतं : कागद आधी, गाडी नंतर. सुरुवातीला ही एजंटाची सावधगिरी वाटते. फिरत राहिलं की कळतं, अख्खा धंदाच या वाक्यावर उभा आहे.

कुर्ल्याची इटालियन

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी रेल्वेची कंत्राटं घेतली, जहाजं चालवली, बंगलोरला विमानांचा कारखाना उभा केला. मोटारीचं त्यांचं स्वप्न प्रत्यक्षात आलं ते प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या रूपाने. कंपनी १९४४ची, कारखाना कुर्ल्याचा. सुरुवात अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून झाली. डॉज, डिसोटो, प्लिमथ अशा ऐसपैस गाड्या इथे जोडल्या जाऊ लागल्या. मग इटलीच्या फियाटशी सूत जुळलं आणि पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० आली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची दारं उलटी उघडणारी, आणि नाकाड पुढे काढलेला तोंडवळा. लोकांनी तिचं नाव ठेवलं डुक्कर फियाट. नावात तुच्छता नव्हती. घरातल्या गुबगुबीत पोराला ज्या मायेने नावं ठेवतात ती माया होती.

१९६४मध्ये चापूनचोपून बसवलेल्या चेहऱ्याची डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिने शेवटपर्यंत भाडी मारली. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. वर्षानुवर्षं जिच्यात बसून घाम पुसला, तिचे फोटो त्या आठवड्यात लोकांनी डोळे पुसत एकमेकांना पाठवले.

ही गाडी स्वस्त कधीच नव्हती. पंतप्रधान असताना लालबहादूर शास्त्रींनी फियाट घ्यायची ठरवली, तेव्हा किंमत होती १२,००० रुपये. त्यांच्याकडे होते सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं, आणि ते फेडून होण्याआधीच ताश्कंदला त्यांचा मृत्यू झाला. पुढचे हप्ते पत्नी ललितादेवींनी पेन्शनमधून भरले. ती गाडी आज दिल्लीत त्यांच्या स्मारकात उभी आहे.

पैसे असले तरी गाडी मिळेलच असं नव्हतं. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. किमतीवर सरकारचं नियंत्रण होतं आणि त्याविरुद्ध प्रीमियर कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती. नवी गाडी हाती आल्यावर ठरावीक काळ ती विकायलाही बंदी असे, कारण परवान्यावर घेतलेली गाडी बाजारात वरचे पैसे घेऊन काढता यायची. म्हणजे ‘घेतली आणि चढ्या भावाने विकली’ हा उद्योग आजच्या संग्राहकांनी शोधून काढलेला नाही. त्या काळी चणचण नव्या गाडीची होती, आता धड उरलेल्या जुन्या गाडीची आहे.

पुनर्विकासाची कृपा

चांगली जुनी गाडी जाहिरातीत सापडत नाही. जाहिरातीत येते तोवर ती दोन हातांतून गेलेली असते आणि तिच्यावर नवा रंग चढलेला असतो. खरी गाडी सापडते ती माणसांमुळे : वॉचमन, इस्त्रीवाला, पंक्चरवाला, गावातला वायरमन. पुण्याच्या नाना पेठेत, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांत, काउंटरच्या अलीकडे टेकून तासभर उभं राहिलं तरी एखादी खबर कानावर येते. ‘अमक्या गल्लीत डॉक्टरांची आहे. मुलगा विकायचं म्हणतोय, पण आई नाही म्हणते.’

गेल्या काही वर्षांत या खबरांना जोर आला आहे तो पुनर्विकासामुळे. सोसायटीची बिल्डरशी सही झाली की जागा रिकामी करायची तारीख ठरते. माणसं भाड्याच्या घरात जातात, कपाटं जातात, देवघर जातं. फियाट कुठे जाणार? तीस वर्षं ‘बघू पुढे’ म्हणत उभ्या असलेल्या गाडीचा निकाल मग पंधरवड्यात लावावा लागतो. पेठांतले वाडे पडले तेव्हाही हेच झालं. मुहूर्त गाठणारा माणूस अशा वेळी दारात उभा असतो.

जगाच्या दुसऱ्या भागांतही मोठे शोध असेच लागले आहेत. फ्रान्समध्ये बेयों नावाच्या एका वाहतूक व्यावसायिकाने जमवलेल्या गाड्या त्याच्या वारसांच्या जागेत पत्र्यांच्या आडोशाखाली सडत होत्या. फेब्रुवारी २०१५मध्ये पॅरिसला त्यांचा लिलाव झाला. जुन्या मासिकांच्या ढिगाऱ्याखाली सापडलेली एक फेरारी, जी पूर्वी नट आलँ देलाँ यांची होती, एक कोटी साठ लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. लिलाव करणाऱ्यांनी तिची धूळसुद्धा पुसली नव्हती. आपल्याकडे जुनी गाडी मिळाली की पहिला फोन पेंटरला जातो.

फडक्यातलं लोहचुंबक

वाई तालुक्यातल्या एका गावी पन्नाशीच्या दशकातली एक फियाट बघायला जाण्याचा योग आला. सोबत नाना पेठेतले एक मिस्त्री होते. हयात फियाट उघडण्यात गेलेली. गाडी एका दिवंगत डॉक्टरांची. गोठ्याशेजारच्या पडवीत, मागच्या सीटवर कांद्याची रिकामी पोती, खाली उंदरांचा संसार. घरातल्या काकूंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, “यांनी यातनंच बाळंतपणं केली हो सगळ्या खोऱ्यातली.” मिस्त्रींनी मान डोलावली, चहा घेतला आणि बॉनेटला हात न लावता आधी खिशातून लोहचुंबक काढलं. रंगाला चरा पडू नये म्हणून ते फडक्यात गुंडाळलेलं होतं.

मडगार्डवर ते घट्ट बसलं. छपरावर बसलं. पुढच्या दाराच्या खालच्या कडेला आणलं आणि ते सुटून हातात आलं. “इथं पत्रा नाही, पुट्टी आहे,” मिस्त्री म्हणाले. मग जमिनीवर पोतं टाकून ते गाडीखाली सरकले आणि पेचकसाच्या मुठीने ठोकत निघाले. ठण्, ठण्, ठण्. ड्रायव्हरच्या पायाखालच्या जागेवर आवाज बसका आला. पेचकस उलटा धरून त्यांनी टोक टेकवलं; फार जोर न लावता ते आरपार गेलं.

या ठोकाठोकीला कारण आहे. जीपसारख्या गाडीला खाली स्वतंत्र चेसिस असते. वरचा सांगाडा सडला तरी तो उचलून दुसरा बसवता येतो. फियाट ११००ला तशी चेसिस नाही. तळ, खांब, छप्पर मिळून एकच सांगाडा, आणि सगळा भार त्या पत्र्यावर. दाराखालची पट्टी सडली की गाडी मधोमध वाकायला लागते आणि दारं लागेनाशी होतात. म्हणून मिस्त्री दारं उघडून-लावून बघतात. उलटं उघडणारं ते जड दार एका बोटाच्या ढकलीने ‘टक्’ करून बसलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं.

इंजिनाची त्यांना काळजी नव्हती. प्लग काढून भोकांत थोडं डिझेल सोडलं, तासाभराने पंख्याचा पट्टा धरून झटका दिला. जरा कुरकुरून इंजिन फिरलं. अडकलेलं असतं तरी सोडवता आलं असतं. याच घराण्याचं इंजिन पुढे पद्मिनीला होतं आणि पद्मिन्या हजारोंनी भंगारात गेल्या, त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात काही ना काही हाती लागतं. मिळत नाही ते बारीकसारीक : पुढची जाळी, मागच्या दिव्यांच्या काचा, दारावरच्या चंदेरी पट्ट्या, काचेचं मूळ रबर, डॅशबोर्डावरची बटणं. नवखा माणूस इंजिन सुरू होतं का ते विचारतो. जाणता माणूस बटणं मोजतो. ‘जेवढ्याला घ्याल त्याच्या तिप्पट लावायची तयारी ठेवा,’ हा मिस्त्रींचा हिशेब. त्यात इंजिनाचा वाटा थोडा, पत्रा आणि रंगाचा मोठा.

आता त्यात नव्या पेट्रोलची भर पडली आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले वायसर खातं. वर्षानुवर्षं टाकीत साचलेला गाळही सोडवून पुढे ढकलतं. सगळ्या नळ्या बदलणं आलंच. वालचंदांनी वालचंदनगर आणि रावळगावला साखर कारखाने उभारले होते. त्याच उसापासून निघालेला अर्क आज त्यांच्या फियाटचं रबर विरघळवतो आहे.

निघण्यापूर्वी शेवटचं काम. नंबर ठोकलेल्या जागेवरची माती फडक्याने पुसून मिस्त्रींनी कागद धरला आणि त्यावर पेन्सिल आडवी घासली. एकेक आकडा पांढरा होऊन वर आला. काकूंनी ट्रंकेतून काढलेल्या आरसी बुकाशी ते ताडून बघितलं. सगळे आकडे जुळले, एक सोडून. पुस्तकातली शाई तिथे पसरली होती. तीन आहे की आठ, सांगता येईना. सौदा तिथेच थांबला.

तीन वारस, एक सही

एका आकड्यापायी सौदा का थांबावा? कारण कायद्याच्या लेखी गाडी म्हणजे आरटीओच्या दफ्तरातली नोंद. लोखंड पुन्हा घडवता येतं, नोंद घडवता येत नाही. १९८९मध्ये एमएच मालिका सुरू झाली, त्याआधीचे तीन अक्षरी नंबर हातांनी लिहिलेल्या रजिस्टरांत आहेत. त्या नोंदी संगणकावर चढवाव्या लागतात. आरटीओच्या आवारात याला ‘बॅकलॉग’ म्हणतात. जुनं रजिस्टर सापडलं तर काम पुढे सरकतं. वाळवी लागलेलं असेल, पुरात भिजलेलं असेल, किंवा पान फाटलेलं असेल, तर उरते ती फक्त शोभेची वस्तू. अशा बिनकागदाच्या गाड्यांचंही गिऱ्हाईक असतं : हॉटेलच्या दारात ठेवायला, शोरूममध्ये मांडायला. भाव पडेल तो मात्र शोभेचाच.

वाईच्या गाडीबाबत रजिस्टर सापडलं, आकडा आठ निघाला. पुढची अडचण माणसांची होती. गाडी डॉक्टरांच्या नावावर, डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झालेली. साध्या विक्रीला फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालक हयात नसेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. मृत्यूनंतर हे तीन महिन्यांत करायचं असतं. करतं कोण? घर आणि शेताचे फेरफार होतात, पडवीतली मोटार कुणाच्या लक्षात राहते? मुलगा गावी, एक बहीण नागपूरला, धाकटी न्यू जर्सीत. तिघांपैकी एकाच्या नावावर गाडी करायला उरलेल्यांची संमती हवी. धाकटीने आधी साफ नकार दिला. तिला पैसे नको होते, गाडी विकली जायला नको होती. अखेर तिने प्रतिज्ञापत्र पाठवलं ते एका अटीवर : घेणाऱ्याने रंग बदलायचा नाही.

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात किमतीची घासाघीस तशी लवकर आटोपते. वेळ जातो तो हा. मुरलेले खरेदीदार म्हणूनच पूर्ण पैसे कधी एकदम देत नाहीत. बयाणा, मग वारसाचं नाव चढल्यावर काही, नाव आपल्याकडे आल्यावर बाकी. विकणाऱ्याला यात अविश्वास दिसतो. तसा तो असतोच, आणि दोघांच्याही हिताचा असतो.

पन्नाशी ओलांडली की

२०२१पर्यंत कायद्याला जुनी गाडी आणि जपलेली गाडी यांत फरक करता येत नव्हता. त्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि चेसिस, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. आधीच नोंदलेली गाडी आपला मूळ नंबर ठेवू शकते. ही गाडी विकताही येते, फक्त ९० दिवसांत परिवहन खात्याला कळवायचं.

बदल्यात एक गोष्ट सोडावी लागते : रोजचा रस्ता. व्हिंटेज गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, संशोधनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. नेहमीच्या वापराला नाही, आणि धंद्याला तर नाहीच. लग्नात नवरदेवाला मिरवून भाडं कमावण्याचा बेत तिथेच बारगळतो. ज्याला रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन मिसळ खायला जायचं आहे, त्याला साध्या नोंदणीतच राहून दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर भरावा लागतो. नवं शुल्क, नवी नंबरप्लेट असे खर्च अधूनमधून वाढत जातात.

शिवाय एका खात्याची व्याख्या दुसऱ्याला चालत नाही. विम्याच्या जुन्या दरपत्रकात व्हिंटेजची सवलत होती ती १९४०अखेरपर्यंत बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या गाड्यांना. म्हणजे १९५५ची फियाट परिवहन खात्याच्या दारात म्हातारी, विमा कंपनीच्या दारात तरणीताठी. कुठल्या दारात कुठला कागद दाखवायचा, हे जाणणारा एजंट म्हणूनच महाग वाटला तरी महाग नसतो.

नफा कुणाचा

‘घ्यायची, नीट करायची, दुप्पट भावाने विकायची,’ असं म्हणत या धंद्यात उतरणारे दरवर्षी दिसतात आणि दरवर्षी गळतात. त्यांचा हिशेब चुकतो तो वेळेच्या रकान्यात. पत्रेवाला महिनोन्‌महिने लावतो, जाळी मिळेपर्यंत गाडी जागा अडवते, कागद आपल्या गतीने चालतात. स्वतःच्या खेपांची मजुरी धरली तर बहुतेक फियाटी तोट्यातच विकल्या जातात. पैसे मिळवतात ते दोन प्रकारचे लोक : गाडी आहे तशी उचलून, फक्त कागद पूर्ण करून पुढे देणारे, आणि ज्यांच्याकडे स्वतःचं गॅरेज व सुट्या भागांचा जुना साठा आहे ते.

तिसराही एक प्रकार आहे. दोन रंगांचा झगमगीत रंग, आत नव्या धाटणीचं कापड, दुसऱ्याच गाडीचं इंजिन, आणि सोबत एक गोष्ट. गाडी कुणा गाजलेल्या नटाची होती, संस्थानिकाच्या दिवाणांची होती, अमक्या सिनेमात होती. संस्थानिकांचं नाव चिकटवणं सोपं जातं, कारण त्यांच्या गाड्या खरोखरच विखुरल्या. संस्थानं गेली, १९७१मध्ये तनखे गेले आणि रोल्स-रॉइससारख्या गाड्या मिळेल त्या भावाने निघाल्या. बऱ्याच परदेशी गेल्या. पुढे सरकारने १९५०पूर्वीच्या मोटारी देशाबाहेर न्यायला बंदी घातली. पण गोष्ट खरी की रचलेली, याचा निवाडा आरटीओच्या उताऱ्यावर पाच मिनिटांत होतो. मालकांची नावं तिथे ओळीने असतात. नट असेल तर दिसेल.

वाईची फियाट आता पुण्यात आहे. घेणाऱ्याने तळाचा पत्रा नवा घातला, नळ्या बदलल्या आणि न्यू जर्सीच्या अटीप्रमाणे रंगाला हात लावला नाही. दाराची खालची कडा तेवढी त्याच छटेत रंगवून घेतली. तिला व्हिंटेजमध्ये नोंदवायची की साध्यात ठेवायची, यावर घरात अजून एकमत नाही. वर्षभराच्या आतच एका डीलरने चांगला आकडा सांगितला. खर्च वजा जाता हाती फारसं उरत नव्हतं, म्हणून सौदा मोडला. माझ्या मते फियाटी वाचल्या त्या यामुळेच. त्यांच्यात फेरारीसारखा पैसा असता, तर एव्हाना सगळ्या काचेआड गेल्या असत्या. नफा बेताचा, म्हणून त्या चालवणाऱ्यांच्या हाती राहिल्या.

उद्या वाईची फियाट विकली गेलीच, तर विकणाऱ्याने एवढं करावं : चावी देण्याआधी फॉर्म २९ची पोच हातात घ्यावी. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांत कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे की दफ्तरात ज्याचं नाव तोच मालक. गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो, अपघात झाला तर भरपाईसाठी दार त्याचंच ठोठावलं जातं. पैसे मिळाले, गाडी गेली, पेढे वाटून झाले, तरी नाव निघेपर्यंत ती विकलेली नसते.